उलटं कर, सुलटं कर

मुलांनो, ही गोष्ट मला सुचली ती झोप न लागल्यामुळे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरकाकांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. तिथं आता पाच मजली इस्पितळ उभं राहिलंय, आणि त्याच नावाची पाटी शहरात आणखी तीन ठिकाणी लागली आहे. माझी साडेपाच वर्षांची मैथिली पंधरा दिवस खोकत होती, म्हणून तिला तिथं न्यायचं ठरलं. एवढ्या मोठ्या इमारतीत माझ्या एवढ्याशा मुलीकडे पूर्ण बघणार कोण, ही काळजी मला रात्रभर झोपू देईना. वेडगळ असेल. माझ्या बऱ्याचशा काळज्या वेडगळच निघतात. पण कोणती निघणार नाही, हे आधी कळत नाही ना! तर तिथल्या बाकावर नंबरची वाट पाहत बसलो असताना मी तिला ही गोष्ट सांगितली.

डोंगरउतारावर, करवंदीच्या जाळीखाली, एक सशीण आपल्या एकुलत्या पिल्लाला घेऊन राहत असे. ती थोडी शिकलेली होती. म्हणजे शंका घ्यायला पुरेल इतकी, आणि ठाम राहायला पुरणार नाही इतकी. रोज ऊन कललं की ती पिल्लाला नाकापासून शेपटीपर्यंत चाटून काढायची. पिल्लू कुरकुरायचं, "पुरे ना आई, गुदगुल्या होतात." ती म्हणायची, "झालंच, एवढी काख राहिली." तेवढ्यात पिल्लू निसटायचं आणि काख तशीच राहायची.

त्या जंगलात पूर्वी एक म्हातारं कासव जांभळीखाली बसून सगळ्यांना तपासायचं. कुणीही या, काहीही दुखू द्या, ते म्हणायचं, "आधी उलटं कर, मग सुलटं कर." आणि मग केस न् केस बाजूला करून बघायचं. फार वेळ लागायचा. कंटाळून अर्धी रांग घरी जायची आणि तिथं आपोआप बरी व्हायची. पुढे कोल्ह्याने समोरच्या टेकडीवर मोठी गुहा घेतली. खोटं कशाला बोलू, तिथं बरे होणारेही पुष्कळ होते. हरणाचा मोडलेला पाय तिथंच सरळ झाला. म्हणून कोल्ह्याने दुसऱ्या टेकडीवर दुसरी गुहा उघडली, मग तिसरी. छातीची वेगळी, घशाची वेगळी, दातांची वेगळी. गुहा वाढत गेल्या आणि जांभळीखालची जागा रिकामी झाली. कासव कुठं गेलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

एके सकाळी पिल्लू उठलं आणि त्याचे मागचे पाय उचलेनात. सशिणीने त्याला मानेला धरून उचललं आणि धावत टेकडी गाठली. तिथल्या प्रत्येक गुहेच्या तोंडाशी पांढऱ्या दगडांची एक ओळ आणि पहाऱ्याला एक माकडीण असायची. पहिल्या गुहेच्या माकडिणीने सशिणीच्या कानाला नंबराचं पळसाचं पान अडकवलं आणि म्हणाली, "नंबर येईपर्यंत तुम्ही दगडांच्या अलीकडे बसायचं, ताई. आणि हे काय, चाटताय काय त्याला? तुमच्या जिभेवर किती घाण असते, काही कल्पना?"

सशिणीला कल्पना नव्हती. ती ओशाळली. तिला वाटलं, इतके दिवस आपण पिल्लाला आजारीच पाडत होतो की काय! तिने जीभ आत घेतली, ती घेतलीच.

आत सुतारपक्ष्याने पिल्लाच्या छातीवर टकटक केलं. "छाती उत्तम," तो म्हणाला. "घसा दाखवा. पलीकडची टेकडी."

पलीकडच्या टेकडीवर बगळ्याने चोच घशात घालून पाहिलं. "घसा उत्तम. पुढची टेकडी."

"अहो, पण त्याचे पाय उचलत नाहीत!" सशीण म्हणाली.

"पाय घशात येत नाहीत, बाई," बगळा शांतपणे म्हणाला.

वाटेत कोल्हा भेटला. त्याचं बोलणं मोठं गोड. "घाबरू नका हं, ताई. आपल्याकडे नाही असं काहीच नाही. परवा सहावी गुहा उघडतोय, तुमच्याच सोयीसाठी." सशिणीला बरं वाटलं. मग तिने खाली पाहिलं, तर पिल्लाचे पुढचे पायही लुळे पडले होते.

ती रात्र दोघांनी दगडांच्या ओळीशीच काढली. सकाळी पिल्लाला कान उचलता येईना. श्वास आत जाई, आणि बाहेर यायला इतका वेळ लागे की सशिणीचा स्वतःचा श्वास तिथंच अडकून राही. जवळ घ्यावं, चाटावं, असं तिला दहादा वाटलं. पण जिभेवरची घाण आठवली की ती मागे सरे. सगळीकडे सगळं उत्तम होतं, आणि पिल्लू हातचं चाललं होतं.

पाचव्या टेकडीवर, पाचव्या गुहेत, तिला ते म्हातारं कासव दिसलं.

"आजोबा, तुम्ही इथं?"

"नोकरी," कासव म्हणालं. "मला आता फक्त शेपट्या बघायच्या असतात." त्याने पिल्लाची शेपटी बघितली आणि दाराशी उभ्या तिथल्या माकडिणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शेपटी उत्तम!" मग मान लांब करून ते अगदी हळू म्हणालं, "पोरी, उलटं केलंस का त्याला?"

सशीण बाहेर आली. दगडांच्या ओळीवरच, सगळ्यांच्या देखत, तिने पिल्लाला उलटं केलं आणि चाटायला लागली.

"अहो! अहो, काय चालवलंय!" माकडीण ओरडली. रांगेतले सगळे माना वळवून बघू लागले. सशिणीला इतकी लाज वाटली की तिचे कान खाली पडले, पण जीभ थांबली नाही. पोट झालं. उजवी बाजू झाली. डाव्या काखेत जिभेला काहीतरी लागलं. करवंदाएवढं, राखाडी, टच्च फुगलेलं. गोचीड! किती दिवस तिथं चिकटून बसली होती कोण जाणे. सशिणीने ती दातांत धरली आणि मुळापासून उपटून काढली.

काहीच झालं नाही. पिल्लू तसंच पडून राहिलं. बातमी टेकड्या ओलांडून गेली तसे सुतारपक्षी आणि बगळा उडत आले. "काख माझ्याकडे नसते," एक म्हणाला. "माझ्याकडेही नाही," दुसरा म्हणाला. दोघांचंही खरं होतं. सशीण पिल्लाकडे बघत राहिली. दगडांची सावली या बाजूची त्या बाजूला गेली, तेव्हा कुठं पिल्लाचा एक कान थरथरला. मग एक पाय. मग ते बारीक आवाजात म्हणालं, "आई, गुदगुल्या होतात."

संध्याकाळी सशीण त्याला घेऊन घरी गेली. आठ दिवसांत कोल्ह्याने सातवी गुहा उघडली, फक्त काखांची. पाटी खूप मोठी होती. कासव मात्र अजून पाचव्या गुहेतच आहे, आणि शेपटी दाखवायला आलेल्या प्रत्येक आईला मान लांब करून काहीतरी हळूच विचारतं.

तात्पर्य : तपासायला दहा जण असले तरी आपल्या पिल्लाला अंगभर पाहणारं एक कुणीतरी लागतंच, आणि ते दुसरं कुणी असेल, असं धरून चालू नये.

एवढं सांगून मी थांबले. मला वाटलं, आता ही विचारणार की कासव नोकरी सोडत का नाही. तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला. मैथिली बाकावरून उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

"आई, आत जायच्या आधी माझी काख बघ," ती म्हणाली. "दोन्ही बघ."