बकुळाबाईच्या बरगडीतली नागीण

एकदा काय झालं, बरं का, सुईगावात बकुळाबाई नावाची एक बाई राहायची. गोधड्या शिवायची. टाका असा बारीक, की शोधायला डोळे फाडून बघावं लागे. सुईगावच्या सगळ्याच बाया गोधड्या शिवायच्या, आणि गावाची एक रीत होती. कुणाचं दुखलंखुपलं की घराघरातून जुन्या लुगड्याचा एकेक तुकडा गोळा करायचा, सगळ्यांनी मिळून जाडजूड गोधडी शिवायची आणि आजाऱ्याच्या अंगावर घालायची. मायेची ऊब लागली की माणूस उठून बसायचं.

मग एका वर्षी बकुळाबाईला नागीण उठली. डाव्या अंगाला, पाठीपासून पोटापर्यंत फोडांची रांग. महिन्याभरात फोड सुकले, खपल्या पडल्या. सगळे म्हणाले, गेली बाई नागीण. कुठली जाते? ती आत शिरली आणि बरगडीला वेटोळं घालून बसली. तेव्हापासून पदर लागला तरी निखारा. वाऱ्याची झुळूक आली तरी सुया. आणि बाहेरून बघाल तर काही म्हणजे काही दिसत नाही.

त्यात लेक गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बकुळाबाईला एकच घोर लागला. तान्हं बाळ डाव्या हातावर घ्यायचं, कुशीशी धरायचं. आपल्याला ते जमेल का?

मग गावानं रीत पाळली. एकवीस घरांची गोधडी आली. अंगावर पडली मात्र, बकुळाबाई कळवळून ओरडली. शेजारच्या यमुनाकाकू म्हणाल्या, "थर कमी पडले गं. अजून चार घाला." घातले. बकुळाबाईनं सगळी गोधडी लाथेनं उडवली. मग काय, बाया रुसल्या. आमची माया हिला टोचते म्हणे, फोड तर एक दिसत नाही, नखरे नुसते.

मग वैद्यबुवा आले. त्यांनी मोरपिसानं गार लेप लावला. मोरपीसही तिला करवतीसारखं लागलं. वैद्यबुवा म्हणाले, मनाचे खेळ आहेत, आणि उठून गेले.

मग आला गारुडी. आत नागीण आहे हे निदान त्यानं तरी मानलं. त्यानं गाल फुगवून पुंगी वाजवली. नागीण बाहेर यायची सोडून आतच डोलायला लागली. बकुळाबाईनं त्याची पुंगी काढून घेतली, त्याला लोटीभर ताक पाजलं आणि वाटेला लावलं.

मग ती दुपारची ओसरीवर बसली. फार चिडली होती. बरगडीकडे बघून म्हणाली, "काय गं, तुझं मी काय वाकडं केलंय? नीघ इथून."

आतून बारीक, कापरा आवाज आला. "कुठं जाऊ? मी आंधळी आहे. वाट दिसत नाही. अचानक काही अंगावर आलं की वाटतं, मला मारायलाच आलं. म्हणून डसते."

बकुळाबाईला वाटलं होतं, नागीण दुष्ट असेल. ही तर भित्री निघाली.

"आणि आधी सांगितलं तर? माणसं दारात उभी राहून हाक मारतात, तसं?"

"तर फणा जरा उशिरानं काढीन. डसणार नाही असं वचन मात्र देत नाही."

"नको देऊस," बकुळाबाई म्हणाली. "पण माझ्या घरात राहायचं तर माझ्या रीतीनं राहायचं."

मग ती रोज सांगायला लागली. पदर येतोय हं, मऊ आहे. मग पाणी येतंय हं, कोमट आहे. मग वारा येतोय, खिडकी मीच उघडलीय. नागीण फुसफुसायची, कधी डसायची, कधी नुसतीच कूस बदलायची. ज्या दिवशी फार डसायची त्या दिवशी बकुळाबाई सुईला हातच लावायची नाही. खुशाल पडून राहायची.

बऱ्या दिवशी तिनं एक गोधडी शिवली. सगळ्यात जुनं, विरलेलं लुगडं घेतलं. एकच थर. डाव्या बाजूला ना काठ, ना टाका. यमुनाकाकू हसल्या, "ही काय अर्धवट गोधडी?"

"माझ्या दुखण्याच्या मापाची आहे, काकू."

मग गोदा आली, बाळंत झाली, मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. बायांनी घर भरलं. सगळ्यांचे डोळे बकुळाबाईकडे. ही घेते का नाही नातीला?

बकुळाबाईनं ती विरलेली गोधडी कुशीवर घेतली आणि सगळ्यांदेखत, न लाजता म्हणाली, "बाई गं, नात येतेय. तीन शेरांची आहे. पाय झाडील. घाबरू नकोस."

मग तिनं बाळ घेतलं. बाळानं लगेच लाथ मारली, अगदी तिथंच.

डसली का नागीण? डसली. खोटं कशाला सांगू? पण एकदाच. बकुळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ आवळले, हात मात्र हलला नाही. बाळ झोपेपर्यंत तिनं त्याला धरून ठेवलं. तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की विचारू नका.

यमुनाकाकू जवळ आल्या. पाठीवर हात ठेवायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "बकुळे, हात ठेवू का?"

"आज नको, काकू. नुसत्या शेजारी बसा."

काकू बसल्या. तेव्हापासून सुईगावची रीत बदलली. कुणाचं दुखलं की आधी विचारायचं, गोधडी जाड हवी की पातळ, का नकोच. मग सुई हातात घ्यायची.

नागीण काही गेली नाही. बकुळाबाई गोधड्या शिवत राहिली, नात मोठी झाली, आणि नागीणही तिच्यापुरती सुखात राहिली. आता तुम्हीही सुखात झोपा. डोळे मिटा बघू.

आणि तनू, तुला माझ्या या दुखऱ्या डाव्या कुशीत शिरायचंय ना? मग आधी काय म्हणायचं?

हं. ये आता, हळूच.