बेडकुलीला इरू दिसेना

माठाखाली ओल होती. ओलीत एक बेडकुली राहायची. बोराएवढी. एकटीच.

त्याच घरात इरू राहायची. ती बेडकुलीशी बोलायची. मग इरू आईबाबांबरोबर दूर गेली. घरात उरली कुंदाआत्या.

रोज चार वाजता आत्या कॉम्प्युटर लावायची. पडद्यावर इरू दिसायची. इरू म्हणायची, "बेडकुले, आहेस का?" बेडकुली म्हणायची, "डराव."

एकदा चार वाजले. इरू दिसेना. आत्याने बटणं दाबून पाहिली. प्रिंटर चालला, खर्र खर्र. इरू काही दिसेना.
"किती गप्प झालं गं घर," आत्या म्हणाली. आणि नुसती बसून राहिली.

बेडकुली कॉम्प्युटरकडे गेली. टुणुक टुणुक.
"कॉम्प्युटरदादा, इरू दाखव."
"मला प्रिंटर दिसतो. मला डबी दिसते. डबीच्या पुढचं काहीच दिसत नाही. डबी वाट देईल, तर मी इरू दाखवीन."

भिंतीवर इंटरनेटची डबी होती, बारीक दिव्यांची. लुकलुक लुकलुक. बेडकुली डबीकडे गेली. टुणुक टुणुक.
"डबीताई, वाट दे. कॉम्प्युटर इरू दाखवेना."
"तार निरोप आणेल, तर मी वाट देईन."

तार बाहेर खांबावरून लोंबत होती. बेडकुली तारेकडे गेली. टुणुक टुणुक.
"तारताई, निरोप आण. डबी वाट देईना, कॉम्प्युटर इरू दाखवेना."
"मी तुटले गं. गजाभाऊ मला जोडेल, तर मी निरोप आणीन."

गजाभाऊ वायरमन खांबाखाली बसला होता. बेडकुली त्याच्याकडे गेली. टुणुक टुणुक.
"गजाभाऊ, तार जोड. तार निरोप आणेना, डबी वाट देईना, कॉम्प्युटर इरू दाखवेना."
"खांब उंच आहे गं बाई. शिडी येईल, तर मी तार जोडीन."

शिडी गोठ्यात आडवी पडली होती. बेडकुली शिडीकडे गेली. टुणुक टुणुक.
"शिडीबाई, चल. गजाभाऊ तार जोडेना, तार निरोप आणेना, डबी वाट देईना, कॉम्प्युटर इरू दाखवेना."
"माझ्यावर शेळी बसलीय. शेळी उठेल, तर मी येईन."

बेडकुली शेळीकडे वळली. टुणुक टुणुक.
"शेळीमावशी, ऊठ. शिडी येईना, गजाभाऊ तार जोडेना, तार निरोप आणेना, डबी वाट देईना, कॉम्प्युटर इरू दाखवेना."
शेळी म्हणाली, "माझं करडू दुसऱ्या गावी गेलं. मी एकटी. कुणी जवळ बसेल, तर मी उठेन."

आता कुणाकडे जायचं? बेडकुली कुठेच गेली नाही. ती शेळीजवळ बसली. अगदी कानाशी. ऊन हळूहळू सरकलं.
"बरं वाटलं," शेळी म्हणाली.

मग शेळी उठली. शिडी आली, गजाभाऊच्या खांद्यावरून. गजाभाऊने तार जोडली, खटखट. तारेने निरोप आणला, सर्रर्र. डबीने वाट दिली, लुकलुक. कॉम्प्युटरने इरू दाखवली.

इरू एकटीच बसली होती.
"मी कधीची बघतेय," इरू म्हणाली. "कुणीच येईना."
"आलो गं बाळा," आत्या म्हणाली. तिने डोळे पुसले.

बेडकुली टेबलावर चढली. टुणुक. तिने पडद्याला नाक लावलं. इरूनेही तिकडून नाक लावलं. काच गार होती. तरी दोघींनी नाक काढलं नाही.