तीनदा बुडवलेली झोळी

“मग जीभ जिंकून मला मिळालं काय, महाराज? हा थकवा?”

दामोदर घाटाच्या पायरीवर बसूनच विचारत होता. उभं राहून विचारण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं.

कृष्णाकाठचा तो मठ लहानसा. एक म्हातारे स्वामी आणि एक हा शिष्य. दोघं गावात माधुकरी मागत, घरोघरचं शिजलेलं अन्न झोळीत घेऊन घाटावर येत. जुने संन्यासी चव मारण्यासाठी अन्नाची झोळी नदीत बुडवत, हे दामोदर ऐकून होता. आल्या दिवशी त्याने स्वामींना तसं करताना पाहिलं आणि तोच नेम धरला. स्वामी एकदा बुडवत. हा पठ्ठ्या तीनदा बुडवी आणि वर घट्ट पिळून काढी. गुरूच्या एक पाऊल पुढे गेल्याचं त्याला मनातून फार बरं वाटे.

काल पिळता पिळताच त्याचे डोळे फिरले आणि तो पायरीवर कोसळला.

गावातल्या डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, दंडाला पट्टा बांधला आणि कपाळाला हात लावला. अंगात रक्त नाही, रक्तदाब पार खाली गेलेला.

“बुवा, पालेभाजीतलं जे सत्त्व रक्तातल्या तांबड्या पेशी घडवतं, ते पाण्यात उतरतं. मीठही उतरतं. तुम्ही चोथा खाताय. असंच चाललं तर दसऱ्याच्या दीक्षेला तुम्ही काही उरत नाही.”

त्या दीक्षेसाठीच तर दामोदरने घरदार सोडलं होतं.

“नेम मोडला तर दीक्षा कसली?” तो म्हणाला. “आणि पाळला, तर डॉक्टर म्हणतात मी जगत नाही. मी करू काय?”

स्वामी त्याच्या शेजारी टेकले. आज दोघांच्याही भरल्या झोळ्या घेऊन पायऱ्या उतरताना त्यांनाही धाप लागली होती.

“तू झोळी का बुडवतोस?”

“आपण बुडवता म्हणून.”

“मला कधी विचारलं नाहीस.”

“त्यात विचारायचं काय, महाराज?”

स्वामींनी कनवटीला हात घातला, गोळ्यांची एक चुरगळलेली पट्टी काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

“माझा रक्तदाब चढतो. डॉक्टर मीठ तोडा म्हणाले. आता माधुकरी मागणाऱ्याने घरोघरच्या बायांना अळणी रांधा म्हणून सांगायचं का? … म्हणून बुडवतो.”

दामोदर त्या पट्टीकडे पाहत राहिला. त्याला धड हसू येईना, धड रडू येईना.

“पण चव … ती तर आपण जिंकली असेल?”

“रोज आठवते.”

…

“म्हणजे माझं एवढ्या वर्षांचं तप वाया गेलं.”

नेहमीची वेळ झाली होती. पायरीशी मासे गोळा झाले होते, चांगले गुबगुबीत.

“यांच्या अंगी लागलं,” स्वामी म्हणाले.

दामोदर फार दमला होता. आता रागावायचंही त्याच्या जिवावर आलं. काही न सुचून तो सवयीने झोळी घेऊन पाण्याकडे वाकला.

स्वामींनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा हात, पण सुटला नाही. त्यांनी झोळी काढून घेतली आणि त्याच्या मांडीवर उघडून ठेवली. भाकरी होती, वर लसणाची फोडणी दिलेली मेथी. वास दोघांनाही आला.

मग त्यांनी स्वतःची झोळी पाण्यात सोडली.

“खा.”

“आणि चव लागली तर, महाराज?”

स्वामी पाण्यात हात सोडून तसेच बसले होते …

“तर मेथी कशी झालीय, तेवढं मला सांग.”