सोळा पाटांची पंगत

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सोळा संगणक जोडून गणनेसाठी एक संच उभारला होता. किती संगणक हवेत ते प्रत्येकाने कळवावे आणि तेवढे मोकळे झाले की काम आपोआप सुरू व्हावे, अशी तिथली रीत.

अधिष्ठाता त्र्यंबकराव हिर्लेकरांनी आपल्या मानाला साजेसे म्हणून सोळाच्या सोळा मागितले. दोन-तीन मोकळे होत, सगळे एकदम काही होईनात. शेवटी ते तणतणत संचप्रमुख शर्वरी टिळेकरांकडे आले.

"शर्वरीबाई, अधिष्ठाता ताटकळतो आणि विद्यार्थी पुढे जातात! चालू कामे बंद करा, आत्ताच्या आत्ता!"

शर्वरीबाईंनी चालू कामांची यादी पाहिली. फरीदा मुल्ला या संशोधक विद्यार्थिनीची ताऱ्यांच्या प्रकाशाची गणना संपत आली होती. ती मध्येच थांबली, तर पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार. आणि तिच्या प्रबंधाची मुदत तर उद्याच संपत होती.

"करते, सर. फक्त सांगा, आपली आज्ञावली एका वेळी किती संगणक वापरते?"

"एकच! मी स्वतः लिहिली आहे, तरुणपणी," सर अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे आपण जेवणार एका पाटावर. मग भरल्या पानांवरून पोरांना उठवायचे, ते पंधरा रिकामे पाट बघत बसायला?"

सर खो खो हसले. "बरे, एकच पाट मांडा. पण मानाचा हवा!"

"मांडलासुद्धा, सर. शेजारी फरीदा बसली आहे. तिचे जेवण होईपर्यंत पंगत मोडायची नाही."