न उमटलेलं बटण

पुण्यात वेब डिझाइनचं एक ऑनलाइन मासिक निघत असे. त्याचे संपादक विश्वंभर आगाशे यांना आपल्या वाचकांचा भारी अभिमान. नव्या तंत्रावरच्या लेखाला 'प्रायोगिक' अशी पाटी लावायला ते साफ नकार देत.

एके दिवशी संगमनेरहून सुलभा घोडके त्यांच्या कार्यालयात आल्या. तिथल्या एका मोतीबिंदू शिबिराचं संकेतस्थळ त्या सांभाळत. मासिकातला लेख वाचून त्यांनी शिबिराच्या नावनोंदणीच्या पानावर नव्या तऱ्हेचं बटण बसवलं होतं. जुन्या फोनवर ते उमटलंच नाही, आणि गावोगावची म्हातारी माणसं शिबिराला मुकली. लेखावर 'प्रायोगिक' अशी पाटी का नव्हती, असं त्यांनी विचारलं.

"बाई, आमचे वाचक जाणकार असतात," आगाशे म्हणाले. "कच्चं कुठलं, पक्कं कुठलं, हे त्यांना सांगावं लागत नाही."

"म्हणजे तंत्र चांगलं आहे?"

"उत्तम आहे."

"मग तुमच्या वर्गणीच्या पानावर हे बटण आजच लावा."

"छे, छे," आगाशे बोलून गेले, "ते अजून सगळ्या फोनवर चालत नाही. आमचे लोक अडकतील."

"हेच वाक्य लेखाच्या वर छापा," सुलभाताई शांतपणे म्हणाल्या. "दुसरी पाटी नको."

आगाशांचे कान तापले. त्यांनी तिथल्या तिथे ते वाक्य आपल्या नावानिशी लेखाच्या माथ्यावर चढवलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "राहून गेलेल्यांची नावं द्याल? मी स्वतः फोन करून माफी मागतो."

"नावं कुठून देऊ, सर? ती नोंदवायचं बटणच त्यांना दिसलं नाही."