भणाणटोकाची दगडांची ओटी

समोर दिसते ते भणाणटोक. तिन्ही बाजूंना समुद्र आणि जायला-यायला मधली एवढीशी अरुंद वाट. इथे बाराही महिने वारा. तुम्ही दोघी मैत्रिणी सकाळी मनात आले आणि निघालात म्हणता, घरी धड सांगितलेही नाही. बरे केलेत. या टोकाची गोष्टही अशाच, काही न ठरवता निघालेल्या दोघींची आहे.

पूर्वी खालच्या वाडीत शेवंती नावाची एक सून होती. तापाने तीन महिने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण घशाखाली घास उतरेना. नुसता हाडांचा सापळा उरला होता, असे सांगतात. आपण काही आता जगत नाही, हे तिने मनाशी धरूनच टाकले होते. येसू तिची लहानपणापासूनची मैत्रीण. येसूचा नवरा वर्षापूर्वी होडीसकट बुडाला होता, म्हणून शेवंतीची सासू तिला उंबरठ्याच्या आत घेत नसे. एक दिवस सासू बाजाराला गेली. येसू वाळत घातलेली मासळी कावळ्यांच्या हवाली करून आली आणि म्हणाली, "ऊठ गो. टोकार जावन येवया."

शेवंती हसली म्हणे, कितीतरी दिवसांनी. धरत-सावरत दोघी टोकावर पोचल्या. तिथे बसून तिने येसूच्या शिदोरीतली अर्धी भाकरीही खाल्ली.

परतायला उठल्या आणि वाऱ्याने जोर धरला. अरुंद वाटेवर शेवंतीच्या पदरात वारा भरला, तशी ती कडेकडे ढकलली गेली. येसूने झडप घालून तिला खाली बसवले. उचलून न्यावे एवढे बळ येसूत नव्हते. थांबावे, तर वारा वाढतच चाललेला. शेवंतीच्या अंगात वजनच उरले नव्हते, म्हणून येसूने भराभर जांभ्याचे दगड गोळा केले. ते पदरात घालणार, तोच तिचा हात थांबला. पदर सवाष्णीचा आणि भरणारी विधवा.

"माझो हात लागाक नये गो," ती रडत म्हणाली.

शेवंतीने आपणच पदर पसरला. "भर. माका जगूचा आसा."

येसूने पाच दगड घातले, तिची कंबर घट्ट धरली आणि दोघी बसत-सरकत वाट ओलांडून आल्या. पलीकडे आल्यावरही शेवंतीने दगड टाकले नाहीत. घरी नेऊन ओटी म्हणून देवापुढे मांडले. सासूने विचारले, ओटी कुणी भरली? तिने येसूचे नाव घेतले. सासू उठली. मग बाहेर जाऊन तिने येसूला हाताला धरून आत आणले आणि तिच्यासाठी पाट मांडला. शेवंती पुढे नातवंडांची लग्ने बघून गेली.

आजही टोकावर जाणाऱ्या बाईची ओटी आधी पाच दगडांनी भरतात, आणि ती विधवेनेच भरायची असा इथला दंडक आहे. आमचे हे गेले, तेव्हा मला वाटले होते की कुणाच्या चांगल्या कामात आता आपली गरज संपली. त्यानंतर अकरा वर्षे मी या वाटेच्या तोंडाशी बसते आहे, आणि बायका आपणहून माझ्यापुढे पदर पसरतात. त्या दोघींचे माझ्यावर फार उपकार आहेत. या, पदर पुढे करा. ओढणी असली तरी चालते.