तुपाने मोजलेली ओढ

एका राज्यात विहिरी भरलेल्या होत्या, पण मांत्रिकाच्या शापाने घागर कोरडीच वर येई. राजवाड्यातला म्हातारा पोपट म्हणाला, "जिची ओढ सर्वांत जबर, तिच्याच हातून शाप सुटेल."

त्या राज्यात प्लवा आणि हरिता या बहिणी विजाणू पाळत. विजाणू म्हणजे ठिणगीएवढी पाखरं; पाळणारीच्या ओढीने येत आणि घरात शिरली की ऊब सोडत. हरितेच्या ऐसपैस घरात सतरा सुखाने राहत, प्लवेच्या खुराड्यात नऊ दाटीवाटीने. आई तहानेने अंथरुणाला खिळलेली, म्हणून प्लवा दरबारात सर्वांआधी पोचली.

राजा वज्रसेन मोठा शहाणा! त्याने ओढ मोजायला तूप मागवलं. दोघींच्या उंबरठ्यावर एकेक गोळा ठेवून एकेक एकटं विजाणू आत सोडलं. तीन दिवस, तीनदा. दर वेळी हरितेकडचं तूप जास्त वितळलं. प्लवेकडे जुनी पाखरं नव्याला टोचत, बरीच ऊब त्या भांडणातच जाई. तिने सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? थंड काळजाची ठरवून राजाने तिला वेशीबाहेर काढलं.

हरिता मांत्रिकाकडे गेली. "शाप सोडवायचा तर ही आपल्याकडे ओढून दाखव," म्हणत त्याने पाय बांधलेली विजाणूंची जोडी दोघांच्या मधोमध ठेवली. हरितेने तीनदा जीव खाऊन ओढलं; तिन्ही वेळा जोडी मांत्रिकाकडेच सरकली. इकडे आईचे ओठ फुटले.

तेव्हा पोपट राजाला म्हणाला, "एकटं पाखरू घरी आल्यावर किती ऊब सुटते, ते तू मोजलंस. दोघांत वाटलेली जोडी कोण आपल्याकडे ओढतं, ते मोजायचं राहिलं. प्लवेचं घर लहान, म्हणून पाखरं तिच्या काळजाच्या अगदी जवळ असतात; जवळून ओढ जबर लागते."

घोडेस्वार धावले. प्लवा आली ती राजासाठी नव्हे, आईसाठी. तिने एकदाच ओढलं. जोडी तिच्याकडे सरकली, मांत्रिकाची राख झाली आणि विहिरींतून पाणी उसळलं.

पहिला तांब्या भरून ती घरी धावली. दारात हरिता बसली होती. आई पहाटेच गेली होती. "शेवटपर्यंत विचारत होती, प्लवा आली का," हरिता म्हणाली, आणि दोघींना रडू आवरेना.

राजा मागोमाग आला, मान खाली घालून. अर्धं राज्य देतो म्हणाला.

"महाराज, तूप अगदी बरोबर मोजलंत," प्लवा म्हणाली, "पण विचारायचं होतं दुसरंच."

राजाने पुढे दोन कसोट्या वेगळ्या ठेवायचा कायदा केला. घागरी भरल्या, राज्य सुखी झालं म्हणतात, म्हणोत बापडे. प्लवेने तो तांब्या आईच्या उशाशी ठेवला आणि स्वतः दिवसभर पाण्याला शिवली नाही.